असोला नारळ

फोन पंपाच्या खोक्यावर उपडा ठेवून कृतिका राजेळी केळी सोलत होती. सुलटा ठेवला असता तर एकही केळं सोललं गेलं नसतं. प्रयोगशाळेतला सोबती स्वरूप तिच्या प्रबंधाच्या फेरतपासणीचा निकाल अकराला कळवणार होता. पावणेबारा वाजले होते. गास गावच्या वाडीत बांबूच्या मांडवावर केळी मात्र निमूट सुकत होती.

"हे अर्धं सालासकट ठेवलंयस," आई, मालन, म्हणाली. "लक्ष कुठंय ते मी विचारत नाही."

"विचारलंस की."

दयाराम तराजू घेऊन आले. रोज ऊन डोक्यावर आलं की बाबा येत. एका पारड्यात रोजची खुणेची फणी, दुसऱ्यात खुंटीवरचा असोला, न सोललेला नारळ. पहिल्या दिवशी केळी जड. त्यांच्यातलं पाणी उडत जातं, तसं नारळाचं पारडं खाली येतं. ते टेकलं की सुकेळी तयार. पारडं अजून टेकलं नव्हतं.

"आणखी दोन दिवस लागतील," त्यांनी सांगितलं.

मालननं एक केळं अंगठ्यानं दाबलं. "झालीत. संध्याकाळी काढायची."

"तराजू काय खोटं बोलतो?"

"मी तराजूबद्दल काही बोलले नाही. केळ्याबद्दल बोलले."

कृतिकाचे हात थांबले. "बाबा, हा नारळ कधीचा?"

"दिवाळीला नवा घेतो, मग हंगामभर तोच. मोजायचं माप बदलून कसं चालेल?"

तिनं नारळ उचलला, कानाशी धरून हलवला. फाल्गुन लागला होता. वरचं सोडण खडखडीत वाळलं होतं आणि आत पाणी मोकळं डुचमळत होतं.

"बाबा, केळ्यांबरोबर हापण सुकतोय."

दयारामनी नारळाकडे पाहिलं, घरच्याच माणसानं फसवावं तसं. त्यांना काही बोलण्याची तिची छाती नव्हती. तिनं स्वतः तीन वर्षं तेच केलं होतं. केळं पिकताना त्यातलं साखरेचं जनुक किती जागं होतं, हे तिला मोजायचं होतं. त्यासाठी शेजारी न बदलणारं एक जनुक धरावं लागतं आणि त्याच्याशी ताडून पाहावं लागतं. तिनं अ‍ॅक्टिन धरलं. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, पिकताना हे बदलत नाही, असं तुम्ही पाहिलंत का? ती म्हणाली होती, सगळे तेच धरतात, सर. समोरची पाच माणसं एकदम कागद चाळायला लागली होती.

फोन वाजला. चिकट बोटांनी तो तीनदा निसटला.

"अ‍ॅक्टिन गेलं," स्वरूप म्हणाला. "केळं पिकतं तसं तेपण उतरत जातंय. नऊ जनुकं तपासली, स्थिरतेत ते आठवं."

"आणि माझं?"

"ऐक ना. जी दोन सगळ्यात स्थिर निघाली, त्यांची सरासरी धरून परत काढलं सगळं. तुझं साखरेचं जनुक बारा पट नाही चढत."

मांडवावरून एक माशी उठली आणि परत तिथंच बसली.

"पाच पट चढतं. तिन्ही वाड्यांच्या नमुन्यांत. दोनदा बघितलं मी."

"पाच."

"पाच. प्रबंध उभा आहे, बाई. आकडे बदल आणि झोप आता."

कृतिका सालींच्या ढिगाशेजारी खाली बसली. तिला हसू आलं आणि नाकातून पाणीही. केळ्याच्या हातांनी ते पुसताही येईना.

"बुडालं का गं?" मालननं विचारलं.

"नाही. कमी झालं. पण आहे, आई. खरंच आहे."

मालननं दयारामांच्या पारड्यातला नारळ उचलला.

"अगं, माझं माप..."

"नवस बोलले होते मी मनात. पोरीचं तरलं तर फोडेन."

"नारळाऐवजी दोन धोंडे घ्या, बाबा, विहिरीवरचे," कृतिका म्हणाली. "एकाचं काही बिनसलं तर दुसरा सांगेल."

"आणि इतकी वर्षं आपली सुकेळी चुकीच्या मापानं..."

"ती मी हातानं बघत होते," मालन म्हणाली. "तराजू तुमच्या समाधानाला."

कोयत्यानं सोडण उतरलं. पंपाच्या कट्ट्यावर एक घाव पडला आणि मालननं वाटी खाली धरली. दयारामनी वाकून वाटीतलं पाणी पाहिलं.

"निम्मंच उरलंय."

"उरलंय ना?" मालननं वाटी लेकीच्या तोंडाशी धरली. "पी मग."