आवतन

पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबा गोठ्यात बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळत होते. मी काठीशिवाय आत गेलो.

"बाबा, नवीन इंजेक्शन लागू पडलं. संधिवाताची सूज उतरली. पाहा, चालतो मी."

त्यांचा हात थांबला. "गावात कोणाले सांगू नको. दहा वर्सं मी लोकायले सांगतो, पोरगं आजारी आहे म्हणून लग्न करत नाही. आता काय सांगू? उद्या पोळ्यात जरा लंगडतच चाल."

म्हणजे दुखणं मी काढलं, अब्रू त्यांची झाकली. लग्न न करण्याचं खरं कारण त्यांना पक्कं माहीत होतं. ते कारण तालुक्याच्या लॉजवर बसलं होतं. दहा वर्षं माझ्यासोबत संसार करणारा, बोटं वळत नव्हती तेव्हा मला घास भरवणारा श्रीरंग.

"श्रीरंगला उद्या जेवायला आणू?" मी विचारलं.

बाबांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. जू ओढून घट्टा पडलेल्या खांद्यावरून त्यांचा हात मायेनं फिरत राहिला. मग रीतीप्रमाणे ते बैलाच्या कानाशी वाकले.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."