फडताळातलं चेंबर म्युझिक

"संगीताचा इतिहास आता नव्याने लिहावा लागेल!" स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढून संशोधकाने जाहीर केलं, आणि फडताळात अंथरलेला, डब्यांच्या बुडांचे गोल डाग पडलेला आणखी एक कागद अलगद सोलून काढला.

खाली उभ्या असलेल्या थोर संगीतकारांनी स्वतःचं अक्षर ओळखलं. तरुणपणी तीन वाद्यांसाठी लिहायला घेतलेली ही रचना. अर्ध्यावर असताना पानं नाहीशी झाली, त्यांनी चेलो वाजवणाऱ्या जिवलग मित्रावर चोरीचा आळ घेतला, आणि त्या संतापात रचना अपुरी राहिली ती राहिलीच. पुढे मित्र वारला, तेव्हा ते त्याला शेवटचं बघायलाही गेले नाहीत.

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी बायकोला कसंबसं विचारलं.

"पानं मागून कोरी होती, म्हणून मी अंथरली. तुम्ही शोधायला लागलात तेव्हा सांगणारच होते. पण तोवर तुम्ही भावोजींना चोर ठरवून मोकळे झाला होतात. म्हटलं, मिटलंय ते कशाला उकरा!"

ते मटकन खाली बसले.

 

"अहो, बसताय काय? फडताळ उघडं पडलंय. तुमच्याकडचे चार जाड कागद द्या ना, लिहिलेले असले तरी चालतील."