जड सामान पुढे

लॅरमीला माझ्या आईकडे एक रात्र मुक्काम करून पुढे पोर्टलंडच्या नव्या घरी जायचं ठरलं होतं. लॅरमीचा उतार लागला आणि गाडीमागचा भरलेला बंदिस्त ट्रेलर शेपटासारखा हलायला लागला. त्याच्या धक्क्यांनी आमची गाडीही दोन्ही बाजूंना फेकली जात होती.

"कर्टिस, ब्रेक दाब!" माझी बायको नोरीन किंचाळली.

"गप्प बस! आत्ता दाबला तर दोन्ही उलटतील."

मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि नुसत्या ट्रेलरचा ब्रेक लावणारी कळ हळूच दाबली. बाजूने एक ट्रक भोंगा वाजवत गेला. हलणं कमी झालं, मग थांबलं.

गाडी कडेला घेऊन मी ट्रेलरचं मागचं दार उघडलं. माझी हत्यारांची लोखंडी पेटी, व्यायामाची वजनं, बंदुकांची तिजोरी, सगळं दाराला टेकून. पुढे मात्र तिच्या गाद्या आणि कपड्यांची खोकी.

"जड सामान पुढे ठेवायचं असतं! तुझे भाऊ काय झोपेत भरत होते? मेलो असतो आत्ता!"

"त्यांची चूक नाही. मीच सांगितलं, जे आधी उतरवायचं ते शेवटी भरा."

"आधी काय नि नंतर काय? सगळं एकाच घरी तर उतरवायचंय!"

नोरीन खाली दिसणाऱ्या लॅरमीकडे बघत राहिली.

"तुझ्या आईने गॅरेज रिकामं करून ठेवलंय, कर्टिस."