शेवटचं बिस्किट

जिप्सी कुत्री शेपूट आवरून पायवाटेवर मधोमध बसली. सुरुंगाचा वास आला की बसायचं, मग बिस्किट मिळायचं, हे हवालदार खंडागळ्यांनीच तिला शिकवलेलं.

पण काल तिची उपासमार बघवेना, म्हणून त्यांनी काही सापडलं नसतानाही बिस्किट दिलं. आज ती दोनदा बसली, तिथं उकरून काहीच निघालं नाही.

"हवालदारसाहेब, सुरुंग आहे का भूक?" स्ट्रेचर धरलेला जवान रडकुंडीला आला होता. "पुन्हा उकरत बसलो तर हा जाईल!" जखमी कण्हत होता.

खंडागळ्यांनी पट्टा सोडला आणि शेवटचं बिस्किट तिच्यापुढे वाटेवर लांब फेकलं. नुसती भूक असेल तर ती धावेल. पण सुरुंग असला आणि तरीही धावली तर? त्यांनी डोळे मिटले.

उघडले, तर जिप्सी बसलेलीच. नजर बिस्किटावर, तोंडातून लाळ गळतेय.

मागे आता कुणी कण्हत नव्हतं.