काळी राहिलेली ओळ

रेवानं चौतिसावं पान उघडलं आणि पुस्तिका डोळ्यांजवळ नेली.

पानावर तिचाच फोटो होता. खाली जन्मतारीख, उंची, सिरुसेरीतली नोकरी. त्याखाली स्वच्छ छापलेली एक ओळ: 'मुलीचे ऑफिसमधील वेंकट नावाच्या मुलाशी जमलेले आहे. कृपया स्थळे सुचवू नयेत.'

"काका! हे काय आहे?"

उमाकांतकाका तांबरमच्या हॉलमध्ये खुर्च्यांवर पुस्तिका मांडत होते. तिथल्या मराठी मंडळाचा वधू-वर मेळावा दहाला सुरू होणार होता. नऊ वीस झाले होते. त्यांनी चष्मा वर करून ओळ वाचली.

"अय्यो," काका म्हणाले.

मंडळाचा नियम कडक होता. सभासदाच्या घरात पंचविशी ओलांडलेलं, बिनलग्नाचं कुणी असेल तर त्याचं नाव सूचीत येणारच. सभासद फॉर्म ई-मेल करायचे. काका ते एका फाइलमध्ये चिकटवायचे आणि प्रत्येकाखाली कमिटीपुरता एक शेरा लिहायचे, तांबड्या अक्षरात. 'तिशीचा आहे. गेली चार वर्षं तिशीचाच आहे.' 'स्वयंपाक येतो म्हणते. मी जेवलोय.' 'मुलगी गरीब गाय, आई सबंध गोठा.'

छापण्याआधी काका हे शेरे हातानं पुसायचे. मागच्या वर्षी गोठा पुसायचा राहिला. ती आई अजून मंडळाच्या हळदीकुंकवाला येत नाही.

म्हणून यंदा पुस्तिकेची पानं संगणकावर लावायला रेवाला बोलावलं. तिची नोकरीच ती. तिनं सॉफ्टवेअरला नियम घालून दिला: तांबडं अक्षर दिसलं की त्याला 'शेरा' नावाची स्टाइल आपोआप लागेल, आणि त्या स्टाइलचा मजकूर छापील प्रतीतून आपोआप गळेल. शहाण्णव नोंदी अकरा सेकंदांत लागल्या. रेवानं त्यातली एकही वाचली नाही. वाचायला लागू नये म्हणूनच तर नियम.

"ही ओळ काळ्यात होती काका. तुम्ही रंग बदलायला विसरलात. नियमाला काय कळणार?"

"असेल, असेल."

"आणि आम्हाला पाहिलंत कुठे तुम्ही?"

"रेवाम्मा, शहाण्णव शेरे लिहिले मी. कुणाला कुठे पाहिलं, मला कसं आठवणार? पण लिहिलं असणार मीच. दुसरं कोण लिहितं इतकं खरं?"

रेवानं दाराकडे पाहिलं. तिचे बाबा, माधवराव, मंडळाचे आजीव सभासद. बँकेतून निवृत्त होऊन नाशिकला गेलेले. मेळाव्यासाठी खास येत होते. काल गाडीतून फोन केला होता.

"या खेपेला काम उरकूनच परत जाणार."

"कसलं काम, बाबा?"

"तुझंच," म्हणून त्यांनी फोन ठेवला होता. वेंकटबद्दल बाबांना सांगायचं असं ती दोन वर्षं ठरवत होती. अशा रीतीनं नाही. तीनशे प्रतींमध्ये तर नाहीच.

"पान फाडूया," ती म्हणाली.

"मागे तेहतिसावं आहे," काका म्हणाले. "खजिनदाराची भाची. तो मला फाडेल."

तेवढ्यात मंडळाच्या कमलिनीकाकू हॉलच्या कपाटातून एक रोल घेऊन आल्या. गणेशोत्सवातले उरलेले स्टिकर. सोनेरी गणपती, बरोब्बर एका ओळीएवढे.

"हे लाव गं. देवाला कोण नखानं खरवडणार आहे?"

तिघं कामाला लागली. रेवा पान उघडायची, काकू चिकटवायच्या, काका मोजायचे आणि चुकायचे. दहाला पाच कमी असताना तीनशेवा गणपती बसला.

हॉल भरला. पंखे फिरू लागले, पानं उलटू लागली. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी चौतिसावं पान उघडलं आणि हात जोडले. मग शेजारणीला म्हणाल्या, "देव असा पुस्तकात कोंबून ठेवतात का? उद्या रद्दीत जायचा!"

त्यांनी गणपती अलगद सोडवला आणि मोबाइलच्या पाठीवर लावला.

शेजारणीनंही लावला. मग तिच्या शेजारणीनं. श्रद्धा रांगेरांगेनं मागे सरकत होती. सोडवून झाल्यावर प्रत्येक जण खाली वाकून काहीतरी वाचत होता, आणि मान वर करून रेवाला शोधत होता.

"काका, थांबवा हो यांना!"

"देवाचं काम. कसं थांबवणार?"

दारात माधवराव दिसले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. काकूंनी सवयीनं त्यांच्याही हातात एक प्रत दिली. मागच्या रांगांमध्ये गणपती अजून जागेवर होते, आणि तिथूनच लोकांनी माधवरावांना गाठलं. एका बाईंचा भाचा इरुंगाट्टुकोट्टैला कारखान्यात होता. एका गृहस्थांचा मुलगा एअरफोर्समध्ये. तिसऱ्यानं तर पत्रिकाच पुढे केली. माधवराव प्रत्येकाला नमस्कार करत होते आणि प्रत्येक नमस्काराला त्यांचा चेहरा जास्त लाल होत होता.

मग त्यांनी हातातली पुस्तिका उघडली. चौतिसावं पान. बराच वेळ गणपतीकडे बघितलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अंगठ्याच्या नखानं एक कोपरा उचलला.

रेवानं डोळे मिटले.

स्टिकर टर्रकन निघाला. माधवराव तरातरा चालत आले. काकांनी खुर्चीचा आडोसा घेतला.

"बाबा, मी सांगणारच होते..."

"तू थांब." त्यांनी ओळीवर बोट ठेवलं आणि काकांकडे वळले. "दारापासून इथपर्यंत तीन स्थळं आली मला, उमाकांत! फॉर्ममध्ये मी स्वतःच्या हातानं लिहून पाठवलेल्या ओळीवर हा गणपती कुणी चिकटवला?"