वाऱ्याची दिशा

लेकीचं बाळंतपण उरकून केवळाबाई महिन्यानं बांधावर आल्या आणि पिशवी तिथंच टाकली. नवरा-बायकोनं एकेक एकर वाटून घेतलं होतं. तो फवारायचा, त्या खुरपायच्या. आज त्यांच्या सोयाबीनमध्ये तणाची काडीही नव्हती.

“मारलंत ना तणनाशक? पाच वर्षं जपलेली माती माझी!”

नवऱ्यानं हात पाठीमागं घेतले. बाईंनी मूठभर माती उकरली, तर गांडूळ वळवळलं. कडेचा तांदुळजाही भाजीपुरता राखला होता. त्यांनी नवऱ्याचे हात ओढून पाहिले. तळव्यांना खुरप्यानं फोड आले होते.

“खुरपते म्हणून मला हसत होतात ना?” म्हणताना त्यांची नजर पलीकडं गेली. नवऱ्याच्या एकरात गवत माजलं होतं, सोयाबीन दिसेना.

“अहो, मग तुमच्या रानात तरी फवारायचं!”

“कसं फवारणार? महिनाभर वारा तुझ्या रानाकडं वाहत होता.”