चार डिग्रीवरची रसमलाई

गाडी सुरू झाली की टीनाचं लग्न ठरणार होतं. पण गाडी काही केल्या सुरू होत नव्हती.

तिला पाहायला आलेल्या भूपेंद्रने पुन्हा किल्ली फिरवली. बॉनेटखाली ‘टक्’ वाजलं आणि शांत झालं. टीनाच्या बापाच्या, तेजरामच्या अंगणाभोवती एकोडी गावातली अर्धी वस्ती जमली होती. ती आली होती पोरगी पाहायला आलेले पाहुणे पाहायला. आता गाडी पाहत उभी होती.

पसंती झाली होती. ओसरीत पाट मांडलेला, पाटावर सुपारी आणि अडकित्ता. सुपारी फोडली की बात पक्की. पण मुलाचे वडील, मोहाडीचे भय्याजी, अडून बसले.

“दारात गाडी मेलेली, अन् आपण सुपारी फोडाची? अपशकुन आहे, बाप्पा. पहिले गाडी सुरू होऊ द्या.”

गाडी मारली होती फ्रिजने. भूपेंद्रला कॅम्पिंगची हौस. तो अजून एकदाही गेला नव्हता, पण सामान सगळं होतं. मागच्या सीटवर बसवलेला पेटीएवढा फ्रिज गाडीच्या बॅटरीवर चालायचा. त्याच सॉकेटला फाटे काढून एक पंखा आणि निळ्या दिव्यांची माळ. फ्रिजमध्ये मुलीचं तोंड गोड करायला रसमलाई. बॅटरी फार उतरली तर फ्रिजने आपोआप बंद व्हावं, असं एक बटण त्याला होतं. रसमलाई बिघडू नये म्हणून भूपेंद्रने ते सकाळीच अगदी खालच्या टोकाला नेऊन ठेवलं होतं, म्हणजे बॅटरी पार संपेपर्यंत फ्रिज चालूच. चहा झाला, पोहे झाले, पुन्हा चहा झाला. तोवर गाडी बंद आणि फ्रिज चालू.

फ्रिज किती थंड आहे ते फोनवर दिसायचं. टीना समोर येऊन बसली, तेव्हा भूपेंद्र तेच बघत होता. एकदाच त्याने मान वर केली, तीही वडिलांकडे. “चार डिग्री आहे, बाबा.”

टीनाला कोणी काही विचारलंच नाही. तिचं शिक्षण तेजरामला विचारलं, तिची उंचीही तेजरामलाच. आत चुलीपाशी मंदाबाईने लेकीच्या केसातली पिन काढून पुन्हा तिथेच लावली आणि म्हणाली, “चांगलं घर आहे, माय.” टीनाने रिकाम्या कपबशा विसळायला घेतल्या.

ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडून गाडी उठवता आली असती. भूपेंद्रच्या डिकीतून तंबू निघाला, घडीची खुर्ची निघाली, मच्छरदाणी निघाली. जोडायची वायर तेवढी निघाली नाही.

“ढकला मंग,” भय्याजी म्हणाले. “भूपेंद्र, तू बी उतर. पोहे काय फुकट खाल्ले काय बे?”

“मग स्टेअरिंगवर कोण?”

“आमची टीना आहे ना!” तेजराम छाती काढून म्हणाला. “बचत गटाची पिकअप साकोलीच्या बाजारात हेच घेऊन जाते.”

भय्याजी भलतेच खूश झाले. “पाहा! सून चालवते अन् सासरा ढकलते!”

टीना नव्या साडीत स्टेअरिंगवर बसली. मागे भय्याजींची बायको, कौशल्याबाई. फ्रिज कलंडू नये म्हणून त्यांना तो धरून बसवलं होतं. मोहाडीहूनही त्या तशाच आल्या होत्या. बैठकीत त्या एका शब्दानेही बोलल्या नव्हत्या.

फ्रिज, पंखा, दिवे, सगळ्यांच्या पिना काढल्या. मागून खांदे लागले. टीनाने दुसरा गिअर टाकला आणि क्लच दाबून धरला. गाडी घरंगळत निघाली. शाळा गेली, पिठाची गिरणी गेली. टीनाचा पाय क्लचवरून उठेना.

“सोड ना व पोरी! क्लच सोड!” तेजराम ओरडला.

आरशात तिला बापाचं घामेजलेलं तोंड दिसलं. तो मनापासून ढकलत होता. तिने क्लच सोडला.

गाडीने आचका दिला आणि धडधडत सुरू झाली. मागे टाळ्या पडल्या.

“थांबवू नोको!” एक चप्पल हातात घेऊन भय्याजी ओरडले. “थांबवली का मरन! तळ्यापर्यंत चक्कर मारून आन!”

गाडी तळ्याच्या पाळीवर, मातीच्या बांधावर चढली. पुढे वळायला जागा होती. तिथून वळलं की घर, पाट आणि सुपारी. टीनाने वेग कमी केला.

मागून आवाज आला. “तुले माझा पोरगा पसंत आहे का व?”

टीनाने आरशात पाहिलं. कौशल्याबाई दोन्ही हातांनी फ्रिजला कवटाळून बसल्या होत्या.

“नाही,” टीना म्हणाली. मग घाईने, “राग नोका मानू, मावशी.”

“पोरगा वाईट नाही. पण तुले नाही ना?”

टीनाने मान हलवली.

“मंग बंद कर गाडी.”

“अं?”

“बंद कर मनलं ना. दुसऱ्यांदा मेली का हे सुपारीले हात लावत नाही. इतके वर्षं पाहून राहिली मी यायले.”

टीनाने किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. कौशल्याबाई पुढे वाकल्या आणि फ्रिजची पिन सॉकेटात खुपसली. मग पंख्याची. मग दिव्यांची. भर दुपारी निळी माळ लुकलुकायला लागली. पाळीच्या खालून माणसं धावत येत होती.

कौशल्याबाईंनी झाकण उघडलं. रसमलाईचा डबा काढला आणि आधी टीनापुढे धरला.

“माह्या येळी पाहुणे बैलांच्या रेंगीत आले होते, बाई,” त्या म्हणाल्या. “बैल कुठं बंद पडतेत?”